पतितांचा प्रश्न : तिसऱ्या शतकातील ख्रिस्तसभा आणि पश्चात्तापाचे प्रमाण

१. प्रश्नाचे स्वरूप

बाप्तिस्म्याने मनुष्याची पूर्वीची सर्व पापे धुऊन निघतात, याविषयी आद्य ख्रिस्ती समाजात दुमत नव्हते. परंतु बाप्तिस्मा हा आयुष्यात एकदाच व्हावयाचा विधी. तो झाल्यानंतर मनुष्याच्या हातून पुन्हा घोर पाप घडले तर त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न त्या श्रद्धेतूनच उद्भवला. आणि पहिली काही शतके त्याचे एकमुखी उत्तर ख्रिस्तसभेला सापडले नाही. नव्या करारातील वचनेही येथे एकाच दिशेने जात नाहीत. बंधूला किती वेळा क्षमा करावी या पेत्राच्या प्रश्नाला येशूने दिलेले उत्तर मोजदादच निरर्थक ठरविणारे आहे. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातील पिता मुलाची परीक्षा न घेता त्यास जवळ करतो. उलटपक्षी, इब्रीकरांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता एकदा प्रकाश लाभून मागे फिरलेल्यांस पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य मानतो. योहानाच्या पहिल्या पत्रात तर हे दोन्ही सूर एकत्र आढळतात : देवापासून जन्मलेला पाप करीत नाही असेही तेथे सांगितले आहे, आणि आपण निष्पाप आहो असे म्हणणारा स्वतःस फसवितो असेही.

या विसंगतीतून दुसऱ्या शतकात एक मध्यम मार्ग निघाला. रोम येथील हर्मासाच्या 'मेंढपाळ' या ग्रंथात बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची आणखी एक संधी आहे, परंतु ती एकच आहे, असे प्रतिपादन आढळते. कार्थेजच्या टर्टुलिअनने तिसऱ्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या 'पश्चात्तापाविषयी' या प्रबंधात हीच भूमिका घेतली आणि त्या दुसऱ्या पश्चात्तापाच्या बाह्य आचाराचे वर्णनही केले. गोणपाट नेसणे, राखेत बसणे, उपवास करणे, वडिलांच्या पायांशी लोळण घेणे व सर्व बंधूंस आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनवणी करणे, हे सर्व उघडपणे मंडळीसमोर करावयाचे असे. पुढे माँटेनस-पंथी झाल्यावर त्याच लेखकाने आपले मत पालटले. मूर्तिपूजा, व्यभिचार व मनुष्यवध या पापांची क्षमा देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेने वापरू नये, असा पक्ष त्याने हिरिरीने मांडला. रोमचा बिशप कॅलिक्स्टस (इ. स. २१७ ते २२२) याच्यावर हिपॉलिटसने शैथिल्याचा आरोप केला. नोहाच्या तारवात शुद्ध व अशुद्ध दोन्ही प्राणी होते, हा दाखला देऊन कॅलिक्स्टस आपला बचाव करीत असे, असे हिपॉलिटसच्याच लेखनावरून कळते.

येथपर्यंत हा वाद तुरळक व्यक्तींपुरता होता. इ. स. २५० साली तो एकाएकी सबंध समाजाचा झाला.

येथे वापरलेल्या दोन शब्दांविषयी खुलासा आवश्यक आहे. लॅटिनमधील 'पेनितेन्शिआ' या एकाच शब्दाने अंतःकरणातील अनुताप आणि त्याचे बाह्य आचरण या दोहोंचाही बोध होतो. मराठीत त्यासाठी 'पश्चात्ताप' व 'प्रायश्चित्त' असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठी वाचकास हा भेद सहज जाणवतो. परंतु तत्कालीन वादाचे मर्म नेमके या दोहोंच्या संबंधात होते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. डेशिअसचा आदेश

इ. स. २४९ मध्ये सत्तेवर आलेल्या सम्राट डेशिअसने साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांस बळी अर्पावा, पेयदान करावे व बळीच्या मांसाचा अंश भक्षण करावा, असा आदेश काढला. त्यासाठी स्थानिक समित्या नेमण्यात आल्या. समितीसमोर विधी पार पाडणाऱ्यास तसे प्रमाणपत्र मिळे. ही प्रमाणपत्रे ईजिप्तमधील पपायरसांत प्रत्यक्ष उपलब्ध झाली असून त्यांची संख्या चाळीसांहून अधिक आहे. बहुतेक इ. स. २५० च्या जून व जुलै या महिन्यांतील आहेत. त्यांचा मजकूर ठरीव साच्याचा आहे : अर्जदाराचे नाव, गाव, देवतांस आपण नित्य बळी अर्पण करीत आलो आहो असे निवेदन, आताही समितीच्या समक्ष तसे केल्याचा उल्लेख, आणि शेवटी अधिकाऱ्यांची साक्ष. यांपैकी एक प्रमाणपत्र पेतेसुखोस या मकरदेवतेच्या पुजारिणीचे आहे. अर्थात हा आदेश केवळ ख्रिस्ती जनांपुरता नव्हता. तथापि त्याचा सर्वांत तीव्र आघात त्यांच्यावरच झाला, कारण एका देवावाचून अन्य कोणास बळी न अर्पिणे हा त्यांच्या धर्माचा गाभाच होता.

रोमचा बिशप फेबिअन इ. स. २५० च्या जानेवारीत मृत्यू पावला व ते पद वर्षाहून अधिक काळ रिकामे राहिले. कार्थेजचा बिशप सिप्रिअन याने अज्ञातवास पत्करला. सामान्य ख्रिस्ती जनांपैकी पुष्कळांनी आदेश पाळला. सिप्रिअनच्या 'पतितांविषयी' या प्रबंधात कार्थेजमधील दृश्य आले आहे. अटक होण्याची वाटही न पाहता लोक चौकात धावत गेले. सायंकाळ झाली म्हणून अधिकाऱ्यांनी उद्यावर ढकलले, तरी आजच विधी उरकून घ्या अशी त्यांनी गळ घातली. अलंकारशास्त्राचा अध्यापक राहिलेल्या लेखकाचे हे चित्र काहीसे रंगविलेले असण्याचा संभव आहे; परंतु पतितांची संख्या मोठी होती हे त्याच्या पत्रव्यवहारावरूनही सिद्ध होते.

या पतितांत तीन वर्ग पडत. प्रत्यक्ष बळी अर्पिणारे, केवळ धूप जाळणारे, आणि बळी न देता लाच देऊन वा अन्य मार्गाने प्रमाणपत्र मिळविणारे. तिसऱ्या वर्गातील कित्येकांस आपण पाप केले आहे असे वाटतच नव्हते. पैसा देऊन आपण मूर्तिपूजा टाळली, अशीच त्यांची समजूत होती. सिप्रिअनच्या मते मात्र ज्या कागदावर ख्रिस्ताचा नकार लिहिला आहे तो बाळगणे हाही नकारच होता.

३. साक्षीदारांची शांतिपत्रे

पतितांपैकी बहुसंख्य लोकांस ख्रिस्तसभा सोडावयाची नव्हती. त्यांस परत यावयाचे होते. त्यासाठी त्यांनी धरलेला मार्ग तुरुंगाच्या दारातून जात होता. यातना सोसूनही न डगमगलेल्या बंदिवानांस समाजात असामान्य मान होता. हुतात्म्याच्या मध्यस्थीने देव पापाची क्षमा करतो, ही श्रद्धा जुनी होती. तिला अनुसरून हे बंदिवान साक्षीदार पतितांस 'शांतिपत्रे' देऊ लागले. प्रारंभी ती नावानिशी दिली जात. पुढे अमुक एकास 'त्याच्या माणसांसह' प्रवेश द्यावा, अशी मोघम पत्रेही निघू लागली. अशा एका पत्रावर वीस-तीस माणसे दावा सांगतील, अशी तक्रार सिप्रिअनने अज्ञातवासातून लिहिली. अखेरीस ल्युशिअन नावाच्या साक्षीदाराने सर्व साक्षीदारांच्या वतीने सरसकट सर्व पतितांस शांती दिल्याचे जाहीर केले.

या प्रकारास केवळ शैथिल्य म्हणून बाजूस सारणे न्याय्य होणार नाही. याच ल्युशिअनला रोमहून केलेरिनस याने लिहिलेले पत्र सिप्रिअनच्या पत्रसंग्रहात सुरक्षित राहिले आहे. केलेरिनस स्वतः श्रद्धेसाठी तुरुंगवास भोगलेला. आपल्या पतित भगिनींसाठी तो क्षमेची याचना करतो. त्यांच्या पतनामुळे पुनरुत्थानाच्या सणातही आपण रडत होतो असे सांगतो. त्यांपैकी एक विधिस्थानाच्या वाटेवर काही अंतरापर्यंत चढून गेली आणि लाच देऊन, बळी न अर्पिता परत फिरली होती. पुढे त्या भगिनींनी कार्थेजहून रोमला आलेल्या ६५ निर्वासितांची सेवाशुश्रूषा केली. केलेरिनसच्या दृष्टीने ही सेवाच त्यांच्या पश्चात्तापाचा पुरावा होती. तुरुंगात तहानभुकेने मरणोन्मुख झालेल्या ल्युशिअनने या याचनेस होकार दिला, यात नवल नाही. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसास दुसऱ्याच्या दुर्बलतेविषयी वाटलेली करुणा या शांतिपत्रांत होती.

तथापि या व्यवहारात एक उणीव होती, आणि सिप्रिअनने तिच्यावरच बोट ठेवले. शांतिपत्र देणारास घेणाराची माहिती असेच असे नव्हते. क्षमा देणाराच्या पुण्याईवर ती दिली जात होती. घेणाराच्या अंतःकरणात पालट झाला की नाही हे पाहण्याची सोय त्यात नव्हती. कार्थेजमधील काही वडिलांनी या पत्रांच्या आधारे पतितांस तत्काळ प्रभुभोजनास बसविले. फेलिसिसिमस नामक डीकनाच्या पुढारपणाखाली या पक्षाने सिप्रिअनविरुद्ध स्वतंत्र फळी उभारली. बिशप स्वतः पळून गेला, तो पतितांचा न्याय काय करणार, हा त्यांचा आक्षेप बोचरा होता. आणि सिप्रिअनला त्यास आपल्या पत्रांतून पुनःपुन्हा उत्तर द्यावे लागले.

४. नोव्हेशिअन आणि शुद्धांची सभा

रोम येथे हाच प्रश्न उलट दिशेने पेटला. पद रिकामे असता रोमच्या वडिलांनी कार्थेजला पाठविलेल्या पत्रांपैकी एक नोव्हेशिअनने लिहिले होते. हा विद्वान वडील त्रैक्यावरील प्रबंधाचा कर्ता म्हणून प्रसिद्ध आहे. त्या पत्रातील भूमिका संयमाची होती : नवा बिशप निवडला जाईपर्यंत निर्णय लांबवावा, मात्र मरणासन्न पश्चात्तापी जनांस साहाय्य करावे. इ. स. २५१ मध्ये कॉर्नेलिअसची निवड झाल्यावर मात्र नोव्हेशिअन प्रतिस्पर्धी बिशप म्हणून उभा राहिला आणि पतितांस कोणत्याही अटीवर परत घेऊ नये, असा पक्ष त्याने धरला. चमत्कार असा की, कार्थेजमध्ये सिप्रिअनच्या विरोधकांत असलेला नोव्हेटस हा वडील रोमला जाऊन या कठोर पक्षास मिळाला. व्यक्तिगत स्पर्धा व तत्त्वनिष्ठा यांची सरमिसळ दोन्ही नगरांत होती, हे यावरून स्पष्ट होते.

तरीही नोव्हेशिअनचे म्हणणे केवळ महत्त्वाकांक्षेने स्पष्ट होत नाही. पतितास देव क्षमा करणार नाही, असे तो म्हणत नव्हता. पतिताने आजन्म प्रायश्चित्त करावे, परंतु क्षमेचा निर्णय देवावर सोपवावा, ख्रिस्तसभेने तो आपल्या हाती घेऊ नये, असा त्याच्या भूमिकेचा आशय होता. ख्रिस्तसभा ही शुद्धांची सभा होय. जो देवद्रोह देवाविरुद्धच घडला त्याची क्षमा मनुष्यांनी कशी जाहीर करावी? ज्या समाजाचे बंधू नुकतेच मरण पावले होते त्या समाजास या युक्तिवादाचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविक होते.

कॉर्नेलिअसने अँटिऑकच्या फेबिअसला पाठविलेल्या पत्रातील आकडे या संदर्भात उद्बोधक आहेत. त्या वेळी रोमच्या मंडळीत ४६ वडील व ७ डीकन होते आणि १५०० हून अधिक विधवा व निराधार जनांचा निर्वाह ती करीत होती. एवढ्या मोठ्या समाजात केवळ निष्कलंक माणसे असणे संभवनीय नव्हते. शुद्धांच्या सभेचे तत्त्व ज्या लहान समूहास साजले असते, तो समूह तिसऱ्या शतकाच्या मध्यास उरला नव्हता. इ. स. २५१ मध्ये रोम येथे ६० बिशपांच्या सभेने नोव्हेशिअनला बहिष्कृत केले.

फेबिअसचा कल नोव्हेशिअनकडे होता. त्याचे मन वळविण्यासाठी अलेक्झांड्रियाच्या डायोनिसिअसने त्यास सेरापिऑन नावाच्या वृद्धाची हकीकत लिहून कळविली. युसेबिअसच्या इतिहासात ती आली आहे. दीर्घकाळ निर्दोष जीवन जगलेल्या या वृद्धाने छळाच्या वेळी बळी अर्पण केला. पुढे तो वारंवार क्षमा मागत असे, पण त्याच्याकडे कोणी लक्ष देईना. आजारात तीन दिवस वाचा व शुद्ध हरपल्यावर तो क्षणभर सावध झाला आणि त्याने आपल्या नातवास वडिलांकडे धाडले. रात्रीची वेळ होती आणि वडील स्वतः आजारी होते. त्यांनी प्रभुभोजनातील भाकरीचा लहानसा अंश मुलाजवळ दिला व तो भिजवून वृद्धाच्या मुखात घालण्यास सांगितले. तो घेतल्यावर वृद्धाने प्राण सोडला. केवळ ही क्षमा मिळावी म्हणूनच तो तग धरून राहिला होता, असा डायोनिसिअसचा निष्कर्ष आहे.

५. सिप्रिअनचा निर्णय

इ. स. २५१ च्या वसंतात सिप्रिअन कार्थेजला परतला आणि आफ्रिकेतील बिशपांची सभा भरली. तिच्या निर्णयाचे स्वरूप असे : प्रमाणपत्र घेतलेल्या, परंतु बळी न अर्पिलेल्या जनांनी प्रायश्चित्त केले असल्यास प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करून त्यांस प्रवेश द्यावा, प्रत्यक्ष बळी अर्पिणारांनी प्रायश्चित्त चालू ठेवावे व मरणसमयी त्यांस शांती द्यावी. ज्यांनी प्रायश्चित्त मुळीच केले नाही व केवळ आजारात मरणाच्या भयाने क्षमा मागितली, त्यांस मात्र ती नाकारावी. सेरापिऑनच्या हकीकतीजवळ हे शेवटचे कलम ठेवले असता सिप्रिअनच्या मार्गातील कठोरपणाही नजरेआड होत नाही.

या निर्णयाचे समर्थन त्याने अँटोनिआनस या बिशपास लिहिलेल्या दीर्घ पत्रात केले आहे. त्यात दोन मुद्दे मुख्य आहेत. पहिला असा की, सर्व पतने सारखी नसतात. आपखुशीने धावत गेलेला आणि दीर्घकाळ झगडून नाइलाजाने वाकलेला, यांस एकाच मापाने मोजता येत नाही. बायको-मुलांसह सर्व कुटुंबास बळी देण्यास लावणारा वेगळा, आणि सर्वांच्या वतीने एकट्याने संकट पत्करून त्यांस वाचविणारा वेगळा. दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. ख्रिस्तसभेचा निर्णय हा अंतिम न्याय नव्हे. कोणी खोटा पश्चात्ताप करून मंडळीस फसविले, तर अंतःकरण जाणणारा देव त्याचा निवाडा करील. मनुष्यास फक्त बाहेरचे दिसते.

तेव्हा बाहेरून दिसणारी गोष्ट कोणती? शांतिपत्राच्या पुरस्कर्त्यांचे उत्तर होते हुतात्म्याचा शब्द. नोव्हेशिअनच्या मते तसे कोणतेही विश्वसनीय लक्षण मनुष्याजवळ नव्हते. सिप्रिअनने काल हे प्रमाण मानले. क्षणिक भीती, लोकलज्जा वा स्वार्थ यांतून आलेला अनुताप दीर्घकाळ टिकत नाही. महिनोन् महिने उपवास, दानधर्म व नम्रता आचरणारा मनुष्य खरोखर पालटला असावा, असे अनुमान करता येते. प्रायश्चित्त म्हणजे पापाची किंमत नव्हे, तर पश्चात्तापाची पारख, असा अर्थ त्याच्या व्यवहारातून निघतो. जरी त्याच्या शब्दांत देवास संतुष्ट करण्याची भाषाही विपुल आढळते.

हे प्रमाण जड सूत्र म्हणून मात्र वापरले गेले नाही. पुढे सम्राट गॅलसच्या काळात नव्या छळाची चिन्हे दिसू लागताच ४२ बिशपांच्या सभेने बळी अर्पिलेल्या, पण प्रायश्चित्तात टिकून राहिलेल्या जनांसही तत्काळ प्रवेश दिला. ज्यांनी उद्या रक्त सांडावे अशी अपेक्षा आहे त्यांस आज प्रभूचा प्याला नाकारणे विसंगत होईल, हे त्यांचे कारण होते. रोममध्येही असाच विवेक दिसतो. धूप जाळलेला ट्रोफिमस आपल्या अनुयायांसह परत आला, तेव्हा कॉर्नेलिअसने त्यास स्वीकारले, परंतु केवळ सामान्य सभासद म्हणून. पूर्वीचे धर्मपद त्यास परत दिले नाही. क्षमा आणि अधिकार या दोन गोष्टी येथे वेगळ्या केलेल्या आहेत.

या व्यवस्थेने बिशपपदाची सत्ता दृढ झाली, हे खरे. साक्षीदारांच्या उत्स्फूर्त अधिकारावर संस्थेने मात केली, असे या घडामोडींचे वर्णन करता येते. परंतु पळपुटेपणाचा आरोप ज्याच्यावर होता त्या सिप्रिअनने व्हॅलेरिअनच्या छळात १४ सप्टेंबर २५८ रोजी आपल्याच नगरात मरण पत्करले, ही गोष्टही विसरता येत नाही. त्या दिवसापासून हुतात्मा व बिशप यांतील जुन्या विरोधाची धार कार्थेजमध्ये पुष्कळच बोथट झाली.

६. पुन्हा घडणाऱ्या पापाचा प्रश्न

सिप्रिअनच्या काळी एका प्रचंड पतनाचा प्रश्न सुटला; पुनःपुन्हा घडणाऱ्या पापाचा सुटला नाही. प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच, हा नियम पुढेही कायम राहिला. निकाया येथील सभेने (इ. स. ३२५) लिसिनिअसच्या अमदानीतील पतितांसाठी तीन वर्षे श्रोत्यांत, सात वर्षे गुडघे टेकणाऱ्यांत व दोन वर्षे भोजनाविना प्रार्थनेत, अशी बारा वर्षांची मुदत ठरविली, मरणासन्नास मात्र अखेरचे भोजन नाकारू नये असेही सांगितले. याच सभेच्या प्रसंगी सम्राट कॉन्स्टंटाइनने नोव्हेशिअनपंथी बिशप अकेसिअस यास शिडी लावून एकट्यानेच स्वर्गात चढण्याचा सल्ला दिला, अशी आख्यायिका इतिहासकार सॉक्रेटिसने नमूद केली आहे.

एकाच संधीच्या नियमाचा परिणाम अपेक्षेहून उलटा झाला. संधी वाया जाऊ नये म्हणून लोक बाप्तिस्माच लांबणीवर टाकू लागले. कॉन्स्टंटाइनने तो इ. स. ३३७ मध्ये मृत्युशय्येवर घेतला. बाप्तिस्म्यानंतरचे पाप अधिक घोर ठरेल या भयाने ऑगस्टीनचा बालपणीचा बाप्तिस्मा पुढे ढकलण्यात आला होता. बाप्तिस्मा झालेले लोक प्रायश्चित्त वार्धक्यासाठी राखून ठेवू लागले. पाप रोखण्यासाठी केलेल्या कडक नियमाने पापाच्या काळासच मोकळीक मिळाली.

प्रायश्चित्त पुरे करून पुन्हा त्याच पापात पडलेल्यांची स्थिती सर्वांत बिकट होती. इ. स. ३८५ मध्ये रोमचा बिशप सिरिसिअस याने त्यांच्याविषयी स्पेनमधील हिमेरिअसला लिहिले. त्यांस दुसरे प्रायश्चित्त नाही. त्यांनी इतरांबरोबर प्रार्थनेस उभे राहावे, परंतु प्रभुभोजन घेऊ नये. मरणसमयी मात्र ते त्यांस द्यावे, असा त्याचा आदेश होता. सुमारे तीस वर्षांनी ऑगस्टीनने मॅसिडोनिअस या अधिकाऱ्यास लिहिताना हाच नियम मान्य केला, पण त्यापुढे एक पाऊल टाकले. ख्रिस्तसभेजवळ अशा मनुष्यासाठी दुसरी संधी नसली तरी देवाची सहनशीलता संपली असे म्हणण्याचे धैर्य कोणी करू नये, असा त्याचा आशय आहे. नियम व करुणा यांच्यामधील ही फट चौथ्या व पाचव्या शतकांत कोणालाच बुजविता आली नाही.

ती बुजली ती सभांच्या ठरावाने नव्हे, तर वेगळ्या आचाराने. आयर्लंडमधील मठांत पापांची खासगी कबुली देऊन प्रत्येक पापासाठी ठरीव प्रायश्चित्त घेण्याची व ते कितीही वेळा घेण्याची पद्धत रूढ होती. कोलंबॅनस (मृत्यू इ. स. ६१५) व त्याच्या अनुयायांबरोबर ती युरोपखंडावर आली. प्रारंभी तिला विरोध झाला. मनुष्य जितक्यांदा पाप करील तितक्यांदा त्याने क्षमा मागावी, या प्रथेचा इ. स. ५८९ च्या तोलेदो येथील सभेने तीव्र निषेध केला. पुढे सातव्या शतकाच्या मध्यास शालों येथील सभेने मात्र असे प्रायश्चित्त आत्म्याचे औषध म्हणून सर्वांस उपयुक्त ठरविले. इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन सभेने प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापांची कबुली द्यावी, असा दंडक घातला. आयुष्यात एकदा मिळणारी संधी वर्षातून एकदा पार पाडावयाचे कर्तव्य झाली.

७. उपसंहार

या इतिहासाकडे कठोरपणाकडून शैथिल्याकडे झालेली घसरण म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. क्रौर्याकडून दयेकडे झालेली प्रगती म्हणूनही त्याचे वर्णन होते. दोन्ही वर्णने अपुरी आहेत. देव क्षमाशील आहे, यावर या वादातील सर्वच पक्षांचे एकमत होते. दुसऱ्याच्या पश्चात्तापाची खात्री मनुष्याने कशी करून घ्यावी, आणि ती पुरती होत नसताना त्याच्याशी कसे वागावे, हा वादाचा विषय होता. साक्षीदारांनी खात्रीची वाट पाहिली नाही. नोव्हेशिअनने खात्री अशक्य मानून दार बंद केले. सिप्रिअनने चूक होण्याचा धोका पत्करून, प्रत्येकाचे प्रकरण तपासून, दार उघडे ठेवले.

सिप्रिअनच्या मार्गातही एक दोष उरला. पश्चात्तापाची पारख म्हणून स्वीकारलेला काल पुढे वर्षांच्या हिशेबात गोठला, आणि प्रायश्चित्तसंहितांत पाप व शिक्षा यांची कोष्टके तयार झाली. अंतःकरणाचे लक्षण म्हणून आलेल्या आचाराने अंतःकरणाचीच जागा घेतली. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने इ. स. १५१७ च्या आपल्या विधानांचा आरंभच पश्चात्तापाच्या अर्थापासून केला. ख्रिस्ती मनुष्याचे सर्व आयुष्य पश्चात्तापाचे असावे, असा त्याचा अभिप्राय होता. इ. स. १५५१ मध्ये ट्रेंट येथील सभेने त्यास उत्तर देताना प्रायश्चित्तसंस्काराचे समर्थन केले. त्या वादातील शब्द नवे होते. परंतु ज्या फटीतून तो उद्भवला ती कार्थेजच्या चौकात, बळीच्या वेदीपासून परत फिरलेल्या माणसांना मंडळीच्या दारात थांबवून ठेवावे लागले, तेव्हाच पडलेली होती.